टाळेबंदीतले शनिवार-रविवार : घरात बसून तुम्हाला काय सापडलं?

अबोली | रविवार, १० मे २०२०, दुपारी ३:१०

बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

मी डोंबिवलीची. नोकरी फोर्टात. एरवी आठवडाभर लोकलमध्ये उभं राहून जीव मेटाकुटीला येतो आणि शनिवार-रविवार उरतो तो राहिलेल्या कामांना. दळण, इस्त्री, कुणाची मुंज, कुणाचं डोहाळजेवण, मुलीचा क्लास. रविवारी चार वाजले की सोमवारचे वेध लागतात. २२ मार्चच्या जनता कर्फ्यूचा रविवार आला आणि हे सगळं एकाएकी थांबलं. त्या दिवशी खरं तर भीतीच वाटत होती. पण त्यानंतरच्या सुट्ट्यांमध्ये हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. या घरात राहायला येऊन इतकी वर्षं झाली, पण घरातली दुपार मी कधी बघितलीच नव्हती.

साडेतीनच्या सुमारास आमच्या बैठकीच्या खोलीत पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येतं, ते आधी शिवणाच्या मशीनवर पडतं आणि मग सरकत सरकत सासूबाईंच्या पलंगापर्यंत जातं. त्या तिथे तांदूळ निवडत बसतात. त्यांना निवडायला तांदूळ लागतातच असं नाही, निवडलेलेही पुन्हा निवडतात. आणि निवडता निवडता बोलतात. त्यांच्या माहेरची विहीर, आंब्याच्या अढीचा वास, धाकट्या बहिणीशी धरलेला अबोला. लग्नानंतर प्रथमच मी हे सगळं मध्ये न उठता, घड्याळाकडे न बघता ऐकलं.

मला वाटतं सुट्टीचं सुख ठरवून मिळत नाही. कुठेही जायचं नाही, कुणी येणार नाही, हे एकदा पक्कं झालं की ते आपसूक येतं. तुम्हाला काय वाटतं? घरबसल्या कोणते छोटे आनंद सापडले? आणि सगळं सुरळीत झाल्यावर त्यातली कोणती एक गोष्ट हट्टाने टिकवाल?

---

मेंडीसम्राट | १० मे, ३:४२

पत्ते! आमच्याकडे साताऱ्यात रविवारी जेवणं झाली की सतरंजी पडते. वडील आणि मुलगी एका बाजूला, मी आणि आई दुसऱ्या बाजूला. मुलीच्या हातात मोबाइल सोडून दुसरं काही बघितलं नव्हतं, आता बंद हुकूम कधी उघडायचा याचा हिशेब माझ्यापेक्षा चांगला करते. काल तिने आजोबांच्या साथीने आमच्यावर बावनी केली. आई अजून बोलत नाहीये माझ्याशी.

---

काठावरचा | १० मे, ३:५०

तेराच्या तेरा हात दिलेत म्हणजे आईंचं बरोबरच आहे :)

---

निळी_छत्री | १० मे, ४:०५

बावनी म्हणजे? आमच्याकडे बदाम सात आणि झब्बूच्या पुढे कुणी गेलं नाही.

---

मेंडीसम्राट | १० मे, ४:२०

@निळी_छत्री, मेंडीकोट चौघांत खेळतात, समोरासमोरचे भिडू. प्रत्येकाला १३ पानं. दश्शी म्हणजे मेंडी, त्या चार असतात आणि सगळी मारामारी त्यांच्यासाठी. चारही मेंड्या एकाच बाजूला गेल्या तर समोरच्यांवर कोट. आणि सगळेच्या सगळे १३ हात घेतले तर ५२ पानं आली, म्हणून बावनी. ज्यांच्यावर बावनी होते त्यांना महिनाभर ऐकून घ्यावं लागतं, हा आमच्या घरचा नियम.

---

रोजची_पोळी | १० मे, ५:३०

अबोली, छान लिहिलं आहेस, पण मला मनापासून वेगळं वाटतंय ते सांगते.

ही दुपार मला कधीची माहीत आहे, कारण मी घरीच असते. आता त्या दुपारीसुद्धा घरात पाच माणसं आहेत. कामाच्या मावशी मार्चपासून येत नाहीत (त्यांचा पगार सुरू आहे, तो द्यायलाच हवा). सकाळी चहा दोनदा, नाश्ता, जेवण, चारला "काहीतरी खायला", रात्री पुन्हा जेवण. शनिवार-रविवारी सगळ्यांना सुट्टी म्हणून काहीतरी विशेष हवं. ज्या शांततेबद्दल लिहिताय ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर आहे. ओट्यापाशी उभं राहून कोकिळा ऐकू येत नाही, मिक्सर ऐकू येतो.

तक्रार म्हणून नाही लिहीत. पण कुणीतरी हे म्हणायला हवं.

---

अबोली | १० मे, ५:५५

@रोजची_पोळी, अगदी खरं आहे. आमच्याकडे भांडी नवरा घासतो आणि रविवारचा स्वयंपाक दोघं मिळून करतो, म्हणून मला ती दुपार मिळते. हे मूळ लेखातच यायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. वाचणाऱ्या सगळ्यांनी तुमचा प्रतिसाद आधी वाचावा.

---

चीकखाऊ | १० मे, ६:४०

आम्ही जळगावचे. उन्हाळा म्हणजे वाळवणं. दरवर्षी आई आणि काकू करायच्या आणि आम्ही पुण्याहून मे महिन्यात तयार कुरडयांचे डबे घेऊन जायचो. यंदा मार्चमध्येच घरी येऊन अडकलो, त्यामुळे पहिल्या दिवसापासून हाताखाली आहे.

गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटायचे, पिळून चीक काढायचा आणि रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी वरचं पाणी हलक्या हाताने ओतून टाकलं की खाली पांढराशुभ्र घट्ट थर. मग उकळत्या पाण्यात मीठ-हिंग घालून चीक शिजवायचा. एकाने ओतायचा, दुसऱ्याने न थांबता हाटायचा, नाहीतर गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. शिजत आला की त्याचा रंग बदलतो, पांढरा जाऊन काचेसारखी झाक येते. त्या क्षणी आई म्हणते "आता." मला अजून तो क्षण नेमका कळत नाही, तिला पातेल्याकडे न बघता कळतो.

गरम चीक वाटीत, त्यावर कच्चं तेल. काहींना दूध-साखर लागते. मग सोऱ्या घेऊन गच्चीवर, ऊन चढायच्या आत कुरडया घालायच्या. उरलेल्या चोथ्याच्या भुसवड्या. काही वाया जात नाही.

हे काम एकटीने होतच नाही, म्हणून @रोजची_पोळी यांचं म्हणणं पटलं. आमच्याकडे या वेळी वडील, मी, भाऊ, सगळे गच्चीवर होतो. आई पहिल्यांदाच सावलीत खुर्ची टाकून बसली आणि आम्हाला ओरडत होती. खूश होती.

---

निळी_छत्री | १० मे, ६:५२

चीक!! आजी गेल्यापासून खाल्ला नाही. कुणी कृती सविस्तर टाका ना, शहरातल्या गॅलरीत जमेल अशी.

---

चीकखाऊ | १० मे, ७:०५

पाव किलो गव्हाचा करून बघा, गॅलरीत जुन्या धोतरावर सहज मावतं. पाणी बदलायला विसरू नका, या उकाड्यात वास धरतो.

---

खाडीकाठ | सोमवार, ११ मे, ७:१५ सकाळ

नेरूळहून. आमच्या इमारतीतून खाडीकडचं पाणथळ दिसतं आणि सध्या तिथे गुलाबी पट्टाच आहे. रोहित पक्षी. यंदा खूप आहेत, पण ते काही टाळेबंदीमुळे आलेले नाहीत, हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत दरवर्षी असतातच. माणसं घरात बसल्यामुळे त्यांच्याकडे बघायला वेळ मिळाला, एवढंच. मोबाइलवर फिरणाऱ्या "निसर्गाने सूड घेतला" छाप संदेशांवर विश्वास ठेवू नका.

---

अबोली | ११ मे, १०:२०

@खाडीकाठ, एक विचारायचं होतं. आमच्याकडे भर दुपारी, अगदी रखरखीत उन्हात, कुणीतरी भांड्यावर हातोडी मारल्यासारखा टुक-टुक-टुक आवाज येतो. तासन्‌तास. आधी वाटलं कुठे बांधकाम सुरू आहे, पण ते तर बंद आहे.

---

खाडीकाठ | ११ मे, १०:४५

तांबट! नाव त्यावरूनच पडलंय. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका, गळा पिवळा. पानांत बसला की हिरवा रंग पूर्ण मिसळून जातो, म्हणून आवाज येतो पण दिसत नाही. जवळ वड, पिंपळ, उंबर असेल तर सकाळी फळं खायला येईल तेव्हा शोधा. वाळक्या फांदीला बरोबर गोल भोक दिसलं तर ते त्याचं घर.

आणि @रोजची_पोळी, कुहू-कुहू गाणारा नर असतो. मादी ठिपक्याठिपक्यांची, ती फक्त किक्‌-किक्‌ ओरडते. सगळं कौतुक मात्र कोकिळेला.

---

रोजची_पोळी | ११ मे, ११:१०

गाणी त्याने गायची, आणि पिल्लं कावळीने वाढवायची. बरं आहे :)

---

हातावर_शिक्का | ११ मे, ९:३० रात्री

धाग्यावर सगळे "घरात" लिहितायत, मी "खोलीत" लिहितो.

विमानं बंद व्हायच्या आधी कामावरून परत आलो. विमानतळावर डाव्या हाताच्या पंजावर शिक्का मारला, तारखेसकट, आणि १४ दिवस घरच्या घरी वेगळं राहायला सांगितलं. आतली छोटी खोली माझी. बायको स्टुलावर ताट ठेवून दारावर टकटक करायची आणि बाजूला व्हायची, मग मी दार उघडायचं. मुलगा ८ वर्षांचा. पहिल्या दोन दिवसांत दाराला टेकून रडला. मलाही काही सुचेना.

मग बुद्धिबळ सुरू केलं. पट त्याच्याकडे एक, माझ्याकडे एक. तो दाराबाहेर फरशीवर बसायचा, मी आत. चाली ओरडून सांगायच्या. "बाबा, घोडा जी-एफ-३!" "अरे, जी-एफ नाही, नुसतं एफ-३!" एखादी चाल चुकीची ऐकू आली की दोन पटांवर दोन वेगळे डाव, आणि मग अर्ध्या तासाने शोधाशोध की नेमकं कुठे फाटलं. शनिवारी-रविवारी सकाळ-संध्याकाळ हेच. त्या खोलीतून मी घर नुसतं ऐकत होतो. कुकरच्या शिट्ट्या, फोडणीचा चुर्र आवाज, बायको कुणाशी तरी फोनवर "नाही हो, ताप नाही" म्हणताना.

आता केव्हाचा बाहेर आलोय. शाई हळूहळू गेली. पण मुलगा अजूनही म्हणतो, बाबा, तू आत बस, मी बाहेर बसतो.

---

अबोली | ११ मे, ९:४८

काय लिहू यावर! शेवटची ओळ नवऱ्याला वाचून दाखवली.

---

मेंडीसम्राट | ११ मे, १०:०२

दाराआडून मेंडीकोट शक्य आहे का याचा विचार करतोय.

---

उघड्या_डोळ्यांनी | मंगळवार, १२ मे, ८:४० सकाळ

मला हा धागा वाचून त्रास होतोय. ८ तारखेला पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून पायी निघाले होते. नाशिक महामार्गावर अजून माणसं लेकरं खांद्यावर घेऊन चालतायत. आणि इथे कुरडया, पत्ते, पक्षी. घरात बसून मिळणारं सुख हे पगार सुरू असलेल्यांचं सुख आहे. निदान ते मिरवू तरी नका.

---

काठावरचा | १२ मे, ९:१५

रुळांवर पडलेल्या भाकऱ्यांचा तो फोटो बघितल्यापासून घास गिळत नाहीये. पण म्हणून माणसाने आपल्या आईबरोबर पत्ते खेळायचे नाहीत का?

---

अबोली | १२ मे, १:२०

@उघड्या_डोळ्यांनी, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. हे सुख आम्हाला मिळतंय कारण डोक्यावर छप्पर आहे आणि महिन्याच्या शेवटी पैसे येतायत, याची जाणीव मला रोज असते. आमच्या सोसायटीतून रोज संध्याकाळी पोळी-भाजीची पाकिटं स्थानकाजवळच्या केंद्रावर जातात. आमच्या मजल्याकडे पोळ्या असतात, शनिवार-रविवारी जास्त. सासूबाई लाटतात, मी भाजते. त्यात मोठेपणा काही नाही, पण धागा बंद करावा असं मला वाटत नाही. भीतीच्या दिवसांत माणसं घरात एकमेकांशी कशी वागली, हेही लिहिलं जायला हवं.

---

उघड्या_डोळ्यांनी | १२ मे, ६:३०

बंद करा असं म्हणत नाही. केंद्राचा पत्ता निरोपातून पाठवा. मी कल्याणला आहे, माझ्याकडे गाडीचा पास आहे.

---

रात्रपाळी | बुधवार, १३ मे, ६:१० सकाळ

परिचारिका आहे. शनिवार कधी, रविवार कधी, सध्या कळत नाही. आताच आले. बादलीत कपडे भिजवले, अंघोळ केली, चहा घेऊन गॅलरीत बसून हा अख्खा धागा वाचला. संरक्षक पोशाखात सहा-सहा तास पाणी पिता येत नाही, त्यामुळे घरी आल्यावरचं माठातलं पाणी हा माझा छोटा आनंद.

तुम्ही घरात राहिलात तर आमच्या वॉर्डावरचा भार कमी होतो. त्यामुळे पत्ते खेळा, मनसोक्त खेळा. चीक कसा लागतो तेही लिहा, मी विदर्भातली, आमच्याकडे सरगुंडे करतात.

---

चीकखाऊ | १३ मे, ७:३०

ताई, परिस्थिती निवळली की पत्ता द्या. कुरडयांचा डबा तुमच्याकडे नक्की येणार.

---

गच्चीकर | १३ मे, १:०५ दुपार

पुणेकर, आज सावली हरवलेली बघितलीत का? आज आमच्याकडे शून्य सावली दिवस होता. १२ वाजून ३१ मिनिटांनी सूर्य बरोबर डोक्यावर. गच्चीत पाण्याची बाटली उभी ठेवली, तर तिची सावली बुडाखाली गडप. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या प्रत्येक गावी हे वर्षातून दोनदा होतं. पण दुसऱ्या वेळी, जुलै-ऑगस्टात, आपल्याकडे ढग असतात, म्हणून मे महिन्यातलीच संधी.

@अबोली, तुमच्या डोंबिवलीला आणि ठाण्याला साधारण १६ तारखेला. शनिवार आहे! १२:३५च्या आसपास गच्चीवर जा. एरवी कोण शनिवारी भर दुपारी गच्चीवर गेलं असतं?

आणि संध्याकाळी पश्चिमेला शुक्र बघून घ्या. ३ एप्रिलला तो कृत्तिकांच्या पुंजक्यातून गेला तेव्हा आमच्या इमारतीतली सगळी पोरं आपापल्या गॅलरीतून बघत होती. आता रोज खाली खाली येतोय, महिनाअखेर सूर्याच्या प्रकाशात हरवेल.

---

पन्हाळगड | १३ मे, २:१५

कोल्हापूरला कधी?

---

गच्चीकर | १३ मे, २:३०

तुमचा गेल्या आठवड्यातच होऊन गेला. जितकं दक्षिणेला तितका लवकर. नागपूरकरांचा अजून यायचाय, २६ तारखेच्या सुमारास.

---

मांडवीतीर | १३ मे, ९:५०

गोव्याहून. आमच्याकडे पहिले काही दिवस फार कडक गेले, किराणासुद्धा मिळत नव्हता. मासळी तर विसराच. तेव्हा आईचं पुरुमेंत कामी आलं. पावसाळ्यासाठी सुकी मासळी, आमसोलं, मिरच्या भरून ठेवायची आमची जुनी रीत. गेल्या वर्षीचं जे उरलं होतं त्यावर घर चाललं. सुक्या बांगड्याची किसमूर आणि पेज. एरवी "आता कोण खातं हे" म्हणणारा मी बोटं चाटत होतो.

मग एका सकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंपू ऐकू आला. पों पों! पायात चप्पल न घालता फाटकापर्यंत धावलो. गरम पोळी (तुमची नव्हे, पावासारखी, कोंड्याची) हातात घेतली तेव्हा जीव थाऱ्यावर आला.

---

दूरदेशी | गुरुवार, १४ मे, ११:००

सिंगापूर. इथे ७ एप्रिलपासून सगळं बंद आहे. घर लहान, मुलं दोन, ऑफिस दोन. एक नवी गोष्ट: दर शनिवारी व्हिडिओ कॉल लावून ठेवतो आणि बोलत नाही. नाशिकला आई तिच्या स्वयंपाकघरात, मी माझ्या. ती भाजी चिरते, मी भाजी चिरतो. मध्येच "मीठ बघ" म्हणते. इतकी वर्षं दर रविवारी ठरवून दहा मिनिटं बोलायचो, "जेवलास का, हवा कशी आहे". त्यात कधी काही बोलणं झालंच नव्हतं. आता तीन तास फोन सुरू असतो आणि मध्येच ती काहीतरी सांगते, जे तिने विचारल्यावर कधीच सांगितलं नसतं.

मूळ प्रश्नाचं उत्तर: हे टिकवणार.

---

निळी_छत्री | १४ मे, ११:३५

वा. हे उद्यापासून मी पण.

---

अबोली | शनिवार, १६ मे, १:१५ दुपार

@गच्चीकर, गेलो! सोसायटीतले लोक अंतर ठेवून, तोंडाला रुमाल बांधून गच्चीवर. मुलीने चहाची बरणी ठेवली होती. १२:३०ला सावलीची बारीक कड दिसत होती, ती आत आत गेली आणि ३५ला बरणीभोवती नुसतं ऊन. सासूबाई ७६ वर्षांच्या, जिना चढून आल्या. स्वतःभोवती बघितलं आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं उन्हात वाळवणं घातली, पण हे नाही कधी बघितलं."

आणि @खाडीकाठ, गच्चीवरून उंबर दिसतो. वाळक्या फांदीला गोल भोक आहे. त्यातून लाल कपाळ बाहेर आलं तेव्हा मुलगी इतक्या जोरात ओरडली की ते लगेच आत गेलं.

---

खाडीकाठ | १६ मे, १:४०

अभिनंदन! आता रोज ठरावीक वेळी लांबूनच बघा. पिल्लं असतील तर दोघं नर-मादी आळीपाळीने येताना दिसतील.

---

रोजची_पोळी | रविवार, १७ मे, ४:२५ दुपार

परत आले. आठवडाभर धागा वाचत होते आणि सोमवारी रात्री माझा पहिला प्रतिसाद घरात सगळ्यांना वाचून दाखवला. थोडी चिडचिड झाली, थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग मोठ्या मुलाने कागद घेतला.

आता ठरलंय असं. शनिवारी संध्याकाळी मी ओट्यापाशी जायचं नाही. पिठलं-भात, खिचडी, काहीही चालेल, पण ते तिघं करतील आणि ओटासुद्धा तेच पुसतील. रविवारी दुपारी दोन ते पाच मला कुणी हाक मारायची नाही, चहासुद्धा नाही. काल पहिल्यांदा झालं. पिठल्यात गुठळ्या होत्या, मी एक अक्षर बोलले नाही. आज दोनला खोलीत येऊन पडले, खिडकी उघडी ठेवली. तांबट आमच्याकडेही आहे, ठाऊकच नव्हतं.

टाळेबंदी उठल्यावर मावशी परत येतील तेव्हा त्यांनाही रविवारची सुट्टी द्यायची असं कागदावर लिहिलंय. आजवर कधी दिली नव्हती. हे टिकवणार.

---

काठावरचा | १७ मे, ४:३१

तो कागद इथे डकवा. बऱ्याच घरांना लागेल.